करंजोळ्याचा पहिला प्रश्न
करंजोळ्यात कोणाच्याही घरी जा, सोळाव्या मजल्यावर जा की जुन्या गावठाणात, चपला काढायच्या आधीच यजमान विचारतात, "परतायचं कधी?" नवखा पाहुणा चपापतो. बस, मेट्रो, हायवे सगळं दाराशी असलेलं हे उपनगर, आणि माणसं अशी तुटक? मग गावदेवीच्या पारावरचे तात्या भोईर त्याला शेजारी बसवून घेतात आणि ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी करंजोळ्याला रस्ताच नव्हता. बारकीबाईची एकुलती लेक वेणू डोंगरापलीकडे दिलेली, आणि वाट अशी की लेकीला वर्षवर्ष माहेर दिसेना. शेवटी बारकीबाईने गावदेवीला नवस बोलला म्हणे, "आई, माझ्या दारात रस्ता आण. त्या रस्त्याने येईल त्याला मी उपाशी जाऊ देणार नाही." नवस बोलताना माणसाने जरा हात आखडता घ्यावा. बाईने घेतला नाही.

देवीही तशीच उदार. एक मागितला, तिने तीन रस्ते दिले. एक शहराकडे, एक बंदराकडे, एक घाटावर, आणि तिन्हींचा तिठा नेमका बारकीबाईच्या अंगणापुढे! मग काय विचारता. कोणाची कोर्टात तारीख, कोणाला वैद्याला डोळे दाखवायचे, कोणाला मुलगी बघायला जायचं. करंजोळं सगळ्यांच्याच वाटेवर. नवऱ्याच्या मावसभावाचे व्याही एका मुक्कामाला म्हणून आले, ते लोणचं मुरून संपत आलं तरी ओटीवरच.

आणि एके दिवशी वेणू आली. तिला टेकायला घरात जागा नव्हती. तिने पिशवी ठेवली ती चुलीपाशी, आणि दिवसभर परक्यांसाठी भाकऱ्या थापल्या. मायलेकींना दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत. निघताना वेणू म्हणाली, "आये, सासरी निदान दुपारची पाठ तरी टेकते गं." बारकीबाईच्या काळजाला घरं पडली.

ती तशीच देवळात गेली आणि रस्ते परत घे म्हणून देवीशी भांडली. दिलेलं परत घ्यायची देवांना सवय नसते. पण भांडता भांडता बाईच्याच लक्षात आलं, असं सांगतात, की नवस जेवू घालण्याचा होता, ठेवून घेण्याचा नव्हता! घरी येऊन तिने व्याह्यांना भात वाढला, वर तुपाची धार धरली आणि गोड आवाजात विचारलं, "व्याहीबुवा, परतायचं कधी?"

व्याहीबुवांना ठसका लागला. हात धुऊन ते थेट रस्त्यालाच लागले. त्यांच्यामागून बाकीचेही उठले, आणि बारकीबाईने वेणूला निरोप धाडला. लेक आली, मोकळ्या ओटीवर दुपारभर झोपली. आई नुसती उशाशी बसून होती म्हणे.

आजही करंजोळ्यात हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, जावयालाही सोडत नाहीत. फक्त माहेरी आलेल्या लेकीला विचारत नाहीत. तिने आपणहून "निघते आता" म्हटलं, तरी घरातल्या कोणालाच ते ऐकू येत नाही.