लाल ओढ्याची गोधडी

एका गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहायची. जुन्या कपड्यांच्या चिंध्या जोडून ती डोंगर, शेतं, झाडं अशी चित्रं उभी करायची. घरात ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. आईची दृष्टी गेली होती. तिचं माहेर तीन दिवसांच्या वाटेवर. तिथं जाणं आता होणार नव्हतं. "एकदा गावाला जाऊन यायचं होतं गं," एवढंच ती म्हणायची.

लेकीने ठरवलं, आईचं माहेरच गोधडीत शिवायचं. आई सांगत गेली, लेक शिवत गेली. डोंगराला घोंगडीचा खरखरीत तुकडा. शेतांना जाडंभरडं कापड, त्यावर नांगराच्या तासांसारखे जवळजवळ टाके. देवळाच्या पायऱ्यांना घडीवर घडी. ओढ्याला मात्र सगळ्यांत मऊ चिंधी हवी होती. ती निघाली एका झिजलेल्या लाल लुगड्याची, म्हणून ओढा लाल झाला.

आईला रंगाशी काय करायचं होतं! रोज दुपारी ती गोधडी मांडीवर घ्यायची आणि बोटांनी माहेरी जाऊन यायची. "हा ओढा. चार बोटं वर चिंच. चिंचेमागं आमचं दार." दाराशी बोट पोचलं की म्हातारी लहान मुलीसारखी हसायची.

गावच्या जत्रेत गोधड्या मांडायची रीत होती. सर्वांत देखण्या गोधडीला मानाचा शेला मिळायचा. जत्रेच्या आधी शेजारणी गोधडी बघायला आल्या.

"अगबाई, ओढा लाल? पाणी वाहतंय की रक्त?" एक म्हणाली, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, म्हणतात खरं. पण हसणारी तोंडं समोर असली की मन कुठलं जागेवर राहतंय! लेकीने रंग कालवायला घेतला.

"आज गोधडी दिली नाहीस गं," आई म्हणाली.

"जत्रा झाली की देते. जरा रंगवतेय."

"कशाला? मला आहे तशीच बरी आहे."

लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रंग पसरू नये म्हणून आधी गोधडीला खळ लावली, मग डिंकात कालवलेला रंग दिला. ओढा निळा झाला, डोंगर हिरवा झाला. जत्रेत लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले आणि शेला तिलाच मिळाला.

ती धावतच घरी आली. शेला आईच्या खांद्यावर घातला, गोधडी मांडीवर ठेवली. आईची बोटं फिरू लागली. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. सगळं एकसारखं ताठ, पापडासारखं.

"ही कुणाची आणलीस?"

"आई, तुझीच आहे."

"नाही गं. हिच्यात ओढा कुठाय?"

लेकीने आईच्या मांडीवरून गोधडी उचलली. ती नदीवर नेऊन धुतली, चोळली, आपटली. रंग एकमेकांत उतरले, पण कापडात मुरलेला डिंक काही सुटेना. झिजलेलं लुगडं तेवढं फाटून वाहून गेलं. ती काठावर बसून खूप रडली.

मग तिने नवीन गोधडी मांडली. "आई, ओढ्याच्या पुढं काय होतं?"

आईची बोटं कोऱ्या कापडावर फिरली. "चिंच होती... का वड? बोटांना ठाऊक होतं गं. मला आता नीट आठवत नाही."

त्याच थंडीत म्हातारी गेली. जाताना तिची बोटं अंथरुणावर काहीतरी शोधत होती. लेकीने तिच्या अंगावर मानाचा शेला पांघरला. साऱ्या गावाने त्याचा भरजरी काठ पाहिला. लेकीला मात्र ती शोधणारी बोटंच दिसत राहिली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम हाती घेतलं, त्याचं समाधान आधी पाहावं; चार लोकांच्या कौतुकापायी ते मोडलं, तर पुन्हा जोडायला चिंधी उरत नाही.