हरण्याचा रवंथ

माणदेशातली जनावरं मनातलं बोलून दाखवायची, तेव्हाची ही गोष्ट. हरण्या नावाचा देखणा खोंड प्रदर्शनात उतरायचा होता, म्हणून मालक तुकाप्पानं त्याचा कडबा बंद केला. "कडब्यानं पोट लोंबतं लेका," म्हणत तो त्याला कणकेचे गोळे, गूळ आणि अंडी चारू लागला.

हरण्याचं अंग आरशागत चमकू लागलं. पण त्या जड खुराकानं खूर ठणकायचे आणि चघळायला कडबाच नसल्यानं रवंथ काही केल्या येईना. समोरची म्हातारी गाय मात्र डोळे मिटून निवांत चघळत बसायची.

"मावशे, कडबा कसा लागायचा गं?" त्यानं विचारलं.

"कोरडाच. पण दुपारभर पुरायचा," गाय म्हणाली. तिनं आपल्या पुढ्यातली पेंढी पुढं ढकलली, पण दाव्याला बांधलेल्या हरण्याचं तोंड तिथवर पोचेना.

प्रदर्शनात हरण्याचा पहिला नंबर आला. गळ्यात हार पडला, तेवढ्यात शेजारच्या बैलगाडीतून कडब्याचा वास आला. हरण्यानं डोळे मिटले आणि हळूहळू जबडा हलवायला सुरुवात केली.

"बघा, किती समाधानी जनावर आहे! रवंथ करतंय," पंच म्हणाले. तुकाप्पाची छाती फुगली.

हरण्याच्या तोंडात काहीच नव्हतं.