माऊसखालचं सारवण

टेबलाला गोधडी पांघरलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल पाहिली. रांजणवाडीच्या हायस्कुलात असता, तर पाहिली असती.

या रांजणवाडीत भागुजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगाल ते ऐकायचा, आणि सांगाल तेवढंच ऐकायचा. ऐकलेलं विसरू नये म्हणून उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवायचा. आधी तो दूध डेअरीत कामाला होता. तिथे त्याला सांगितलं, "भागुजी, दुधाच्या कॅनवर नजर ठेव." भागुजीने गाठ मारली आणि नजर ठेवली. मांजर आलं. मांजर पोटभर दूध प्यायलं. भागुजीची नजर कॅनवरून हलली नाही.

डेअरी सुटली. मग तो हायस्कुलात शिपाई म्हणून लागला, तोही तात्पुरता.

त्या शाळेत एक संगणक आला होता. गावकऱ्यांनी हौसेने त्याच्यासाठी टेबल करून दिलं आणि वर छान जाड काच बसवली. पण त्या काचेवर माऊस काही चालेना. कितीही सरकवला तरी पडद्यावरचा बाण एका जागी थरथरत राही.

मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी भागुजीला बोलावलं.

"भागुजी, उद्या सकाळी जिल्ह्याहून साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर माऊस चालला पाहिजे. चालला, तर तुला कायम करून घेईन, हा माझा शब्द. नाही चालला, तर माझ्या हातात काही नाही."

"तो आजारी आहे का, बाई?"

"आजारी नाही. त्याच्या पोटात दिवा आहे. त्या उजेडात तो खालची वाट बघतो. काच चकाकते, मग त्याला वाट दिसत नाही. चकाकणारी काच झाकायची. वर काहीतरी अंथर."

भागुजीने गाठ मारली. चकाकणारी काच झाकायची.

तो घरी गेला आणि गोधडी घेऊन आला. टेबलावर अंथरली. कडा नीट आत खोचल्या. बाईंनी माऊस ढकलला. तो एका सुरकुतीत शिरला आणि बाहेर येईना.

"हे काय, भागुजी?"

"अंथरूण, बाई. उशी आणू का?"

"इतकं जाड नको रे. पातळ हवं. पातळ आणि कडक."

भागुजीने गाठ मारली. पातळ आणि कडक.

घरी अंगणात बाजेवर उडदाचे पापड वाळत होते. भागुजीने एक उचलून उन्हात धरून पाहिला. पातळ होता. टिचकी मारली. कडक होता. मग त्याने सगळे आणले आणि टेबलभर मांडले. बाईंनी माऊस ठेवला. कुर्र.

"फुटले तरी पातळच आहेत, बाई," भागुजी म्हणाला.

"खायची वस्तू टेबलावर ठेवायची नाही. मुंग्या लागतात. उचल सगळं."

भागुजीने गाठ मारली. खायची वस्तू टेबलावर ठेवायची नाही.

बाई वर्गावर गेल्या. मधल्या सुट्टीत परत आल्या, तर त्यांच्या टेबलावर जेवणाचा डबा नव्हता.

"भागुजी, माझा डबा?"

"कडुनिंबाला टांगलाय, बाई. तिथे मुंग्या नाहीत."

मुंग्या नव्हत्याच. कावळे होते.

बाई कधी ओरडत नसत. त्यांचा आवाज खाली गेला की राग आला असं समजायचं. आता आवाज फारच खाली गेला.

"भागुजी, ही तुझ्या नोकरीची गोष्ट आहे. खायचं काही नको. पातळ-जाड राहू दे. जागचं हलणार नाही, असं काहीतरी सपाट आण."

भागुजीने गाठ मारली. हलणार नाही असं सपाट.

थोड्या वेळाने तो धापा टाकत आला. खांद्यावर घरचा पाटा होता. टेबल कुरकुरलं, पण टिकलं. पाट्याला नुकतीच टाकी लावलेली होती, त्यामुळे तो चांगला खरखरीत होता. बाईंनी माऊस फिरवला. पडद्यावरचा बाण टोळासारखा उड्या मारू लागला.

"बघा बाई," भागुजी म्हणाला, "पाटा जराही हलला नाही."

तेवढ्यात दारात गिरजा उभी राहिली. गिरजा म्हणजे भागुजीची बायको. घर सारवता सारवता तशीच उठून आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले.

"बाई, माझा पाटा इकडे आलाय का? गोधडी गेली, पापड गेले. म्हटलं, चूल यायच्या आत आपण जाऊन यावं."

"गिरजाबाई, तुम्ही याला एखादं काम सांगता तरी कसं?"

"मी सांगतच नाही, बाई. सांगितलं की तो करतो." मग ती जरा जवळ आली. "पण याची नोकरी तेवढी राहू द्या. हा दिवसभर घरी बसला, तर मला घराबाहेर राहावं लागेल."

बाईंना तिची दया आली. त्या भागुजीकडे वळल्या आणि सावकाश बोलल्या. "शेवटचं सांगते. गुळगुळीत हवं, पण चकाकायला नको. सुरकुती नको, खड्डा नको, हलायला नको. कळलं?"

भागुजीने उपरण्याकडे पाहिलं. आता त्यात गाठींशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. मग त्याने गिरजाच्या हातांकडे पाहिलं.

"कळलं, बाई."

शाळा सुटताना बाई आल्या, तेव्हा खोलीला वेगळाच वास येत होता. टेबलावरची काच दिसत नव्हती. काचेवर शेणाचं सारवण होतं. एकसारखं, पातळ, बोटांचे अर्धगोल फराटे सुद्धा विरून गेलेले. खिडकीतल्या उन्हाने ते खडखडीत वाळलं होतं. कडेने रांगोळीची रेघ होती.

बाई खुर्चीत बसल्या. मग पदर नाकाला लावून त्यांनी माऊस सारवणावर ठेवला आणि सरकवला.

बाण चालला. न्यावा तिकडे गेला, थांबवावा तिथे थांबला.

"अरे, एक साधा कागद ठेवला असता तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कागद म्हणालाच नाहीत, बाई."

साहेब उद्याच येणार होते, आणि माऊस चालत होता. "असू दे," त्या म्हणाल्या. "आता पडद्यावर कापडाचं झाकण घाल आणि कुलूप लाव. खिडकीतून ऊन आलं की मेला पडदाही नुसता चकाकतो."

बाई गेल्या. भागुजीने झाकण हातात घेतलं. पडद्याकडे पाहिलं. बोटाने टकटक करून पाहिलं. मग उपरण्याची आजची पहिली गाठ चाचपली.

तो घरी पोचला तेव्हा गिरजाने विचारलं, "एवढा उशीर?"

"थोडं काम राहिलं होतं," भागुजी म्हणाला. "बाईंच्या लक्षात नव्हतं. माझ्या होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी माऊस इकडे सरकवला, तिकडे सरकवला आणि म्हणाले, "छान सरकतो." भागुजीने दारातून विचारलं, "म्हणजे मी कायम, बाई?" "कायम," बाई म्हणाल्या आणि हसत हसत पडद्यावरचं झाकण काढलं. पडदा वरपासून खालपर्यंत सारवलेला होता, आणि मधोमध गोपद्म काढलेलं होतं.