टिकली आणि गोटा टायर

या, जवळ बसा. गोष्ट छोटी आहे. चढण मोठी आहे.

एक होतं कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं. कपाळावरच्या टिकलीएवढं. म्हणून नाव टिकली.

केरूकाकाने टेकडीवर नवं घर बांधलं. सामान निघालं पिकअपमधून. पहिल्या फेरीला भांडी गेली. पाटा-वरवंटा गेला. कोंबडीचं डालगं गेलं. डालग्यात आई होती. आईजवळ नऊ पिल्लं होती.

दहावी टिकली. ती कुठे होती? गादीच्या घडीत झोपली होती.

गाडी गेली. घुर्रर्र. टिकली उठली. आई नाही.

"चिव?"

जवळ कोणीच नव्हतं.

मग दुसरी फेरी. गाद्या भरल्या. रिकामी पोती भरली. टिकली गादीतच बसून राहिली. आता आई भेटणार.

पण चढणीवर होता मुरूम. सैल सैल मुरूम. चाक फिरलं गरगर गरगर. गाडी घसरली. सर्रर्रर्र. पार खाली आली. पाण्याच्या पाटाजवळ थांबली.

केरूकाकाने चाकामागे दगड लावला. टायरच्या दुकानात गेला. हात हलवत परत आला. मग एक गादी घेतली डोक्यावर आणि निघाला पायीच. टिकली खाली उडी मारून "चिव चिव" करत होती. त्याला दिसली नाही. डोक्यावर गादी असली की पायाशी कोण आहे ते दिसत नाही.

वरून आईची हाक आली. कुर्र कुर्र कुर्र.

चालत जावं? चढण लांब. पाय काडीएवढे. आणि आभाळात घार. गोल गोल, गोल गोल.

टिकली गेली पिकअपच्या पुढे.

"पिकअपदादा, पिकअपदादा, मला वर नेतोस का?"

"कसा नेऊ गं बाळा? माझे टायर बघ. झिजून झिजून गोटा झाले. नक्षी उरली नाही. मुरूम धरायचा कशाने? टायरवाल्या चाचाने नवे टायर दिले तर चढेन. नाही तर नाही."

टिकली निघाली. तुरु तुरु तुरु.

वळणावर टायरचं दुकान. दुकानात गफूरचाचा. बशीतून चहा पीत होते. फुर्र.

"चाचा, चाचा, टायर देता का?"

"ये, सावलीत बस. का रडतेस?"

"पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

"टायर आहेत. भिंतीला टेकून कितीतरी आहेत. पण नंबर सांग. आत्ताच तुझा केरूकाका आला होता. हातात सुतळी. म्हणतो, 'चाचा, या मापाचा टायर दे.' मी म्हटलं, 'केरू, तुला टायर हवाय का धोतर?' रागावला. सुतळी दिली फेकून शेतात. माप चुकलं तर टायर लागत नाही गं. जुन्या टायरच्या अंगावर नंबर असतो. तो आणलास तर देईन. नाही तर नाही."

टिकली परत आली. तुरु तुरु तुरु. टायरजवळ गेली.

"टायरबाबा, टायरबाबा, नंबर सांगता का?"

"फुस्स... कोण ते? का रडतेस?"

"चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

"नंबर आहे गं. पण चिखलाखाली आहे. पाटातून आलो, चिखल बसला. ऊन लागलं, चिखल वाळला. म्हातारपणी पाठ कुठलं राहायला? पाण्याने माझं तोंड धुतलं तर सांगेन. नाही तर नाही."

वरून आईची हाक आली. कुर्र कुर्र. या वेळी दोनदाच.

टिकली पाटावर गेली. तुरु तुरु तुरु. पाट कोरडा. थोडं वर पाणी. गप्प उभं.

"पाणीदादा, पाणीदादा, खाली येतोस का?"

"का रडतेस?"

"टायरबाबा सांगेना,
चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

"मला यायचंय. पण वाटेत म्हैस बसली आहे. या काठापासून त्या काठापर्यंत म्हैसच म्हैस. ती उठली तर येईन. नाही तर नाही."

टिकली म्हशीकडे गेली. तुरु तुरु तुरु.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, उठतेस का?"

म्हशीने एक डोळा उघडला. "का रडतेस?"

"पाणीदादा येईना,
टायरबाबा सांगेना,
चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

"हम्म्म. उठले की गोमाशी चावते. चुट्ट. अशी चावते की काय सांगू. पाण्यात बसलं की नाही चावत. बगळ्याने गोमाशी खाल्ली तर उठेन. नाही तर नाही."

म्हशीने डोळा मिटला.

सावल्या लांब झाल्या. आईची हाक आली. कुर्र. एकदाच. बारीक.

टिकली शेतात गेली. तुरु तुरु तुरु. बांधावर बगळा. पांढरा पांढरा.

"बगळेदादा, बगळेदादा, उडून येतोस का?"

"का रडतेस?"

"म्हैसमावशी उठेना,
पाणीदादा येईना,
टायरबाबा सांगेना,
चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

बगळ्याने पंख हलवले. फड फड. पण उडाला नाही. धपकन पडला.

"बघितलंस? पायात सुतळी अडकली आहे. सकाळपासून उपाशी आहे मी. सुतळी सुटली तर उडेन. नाही तर नाही."

टिकलीने खाली पाहिलं. सुतळी. केरूकाकाने फेकलेली तीच.

"सुतळीताई, सुतळीताई, सुटतेस का?"

"का रडतेस?"

"बगळेदादा उडेना,
म्हैसमावशी उठेना,
पाणीदादा येईना,
टायरबाबा सांगेना,
चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

"मला गाठ आहे गं. केरूकाकाने टायर मोजला आणि मला गाठ मारली. म्हणाला, 'इथपर्यंत टायर.' त्या गाठीपाशीच बगळ्याचा पाय अडकला. कोणी गाठ सोडली तर सुटेन. नाही तर नाही."

"कोण सोडेल?"

"मला काय माहीत? इथे तर कोणीच नाही."

टिकलीने इकडे पाहिलं. कोणी नाही. तिकडे पाहिलं. कोणी नाही. कान देऊन ऐकलं.

आईची हाक आली नाही.

टिकली मटकन बसली. आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. ती आपल्याशीच म्हणाली. हळू हळू म्हणाली.

"सुतळीताई सुटेना,
बगळेदादा उडेना,
म्हैसमावशी उठेना,
पाणीदादा येईना,
टायरबाबा सांगेना,
चाचा टायर देईना,
पिकअपदादा चढेना,
मला आई मिळेना."

मग रडली. खूप रडली. बगळ्याने मान खाली घातली. त्यालाही रडू येत होतं.

रडून रडून टिकलीला भूक लागली. दिवसभर पोटात दाणा नव्हता.

आणि समोर काय? दाणा.

सुतळी होती ज्वारीच्या पोत्याची. गाठीत एक दाणा राहिला होता. घट्ट. टिकलीने चोच मारली. टोच. निघाला नाही. टोच टोच. निघाला नाही. गाठ सोडायची तिला आठवणही नव्हती. तिला दाणा हवा होता. टोच टोच टोच टोच.

दाणा निघाला. गट्ट.

दाण्याच्या जागी भोक पडलं. गाठ सैल झाली. सैल झाली आणि सुटली.

"अगं," सुतळी म्हणाली, "मी सुटले."

मग काय झालं?

सुतळीताई सुटली, सळ्ळ.
बगळेदादा उडाला, फड फड फड.
गोमाशी खाल्ली, गप्प.
म्हैसमावशी उठली, धबाक.
पाणीदादा आला, खळखळ खळखळ.
टायरबाबाचं तोंड धुतलं, फस्स.

चिखल गेला. नंबर दिसला. टायरबाबा वाचू लागला.

"दोन तीन पाच. सात पाच. एक पाच. हां, हाच मी. पाठ कर गं."

टिकली पळाली. तुरु तुरु तुरु. पळता पळता म्हणाली, "दोन तीन पाच, सात पाच, एक पाच. दोन तीन पाच, सात पाच, एक पाच."

"चाचा, चाचा. दोन तीन पाच, सात पाच, एक पाच."

"शाब्बास," चाचा म्हणाले. चहा खाली ठेवला. "पण थांब. या नंबराचे माझ्याकडे तीन तऱ्हेचे टायर आहेत."

पहिला टायर म्हणाला, "मला घे. मी डांबरावर सुळसुळ पळतो."

दुसरा टायर म्हणाला, "मला घे. माझे दात बघ केवढे मोठे. मी चिखल खातो." त्याचा आवाज फार. घूंऽऽऽ.

तिसरा कोपऱ्यात होता. "मी थोडा डांबराचा," तो म्हणाला. "थोडा मुरमाचा. थोडा चिखलाचा."

टिकलीला काही कळेना. सूर्य टेकडीला टेकला होता.

"घाईत टायर घ्यायचा नाही," चाचा म्हणाले. "मला एवढंच सांग, गाडी कुठे कुठे जाते?"

"बाजाराला जाते. डांबरावरून."

"आणखी?"

"पाटातून जाते. चिखलातून."

"आणखी?"

"आईकडे जाते," टिकली म्हणाली. "मुरमावरून."

"मग तिसराच," चाचा म्हणाले. "तसले चार."

टायर निघाले रस्त्याने. गड गड गड गड. पुढे चाचा, मागे टिकली.

केरूकाका आणखी एक गादी न्यायला खाली आला होता. घामाने निथळत. त्याने जुना टायर पाहिला. धुतलेला.

"चाचा, टायरवर नंबर असतो? मी समजत होतो, ती नक्षी आहे."

"नक्षी केव्हाच गेली, केरू. नंबर तेवढा राहिला. पैशाचं नंतर बघू, आधी पाना धर."

जॅक लावला. बोल्ट काढले. जुने गेले, नवे बसले. केरूकाकाने चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. नवं काही आलं की ठेवतात तशी.

या वेळी त्याच्या डोक्यावर गादी नव्हती. त्याला पायाशी टिकली दिसली.

"अरे, तू इथे? आणि ती वर दिवसभर ओरडतेय." उचलली आणि खिशात ठेवली.

गाडी निघाली. फच्च फच्च फच्च फच्च. लिंबं गेली.

मुरूम आला. सैल सैल मुरूम. टिकलीने डोळे मिटले. चाक फिरलं. गरगर झालं नाही. टायरने मुरूम धरला. खर्र. धरला. खर्र. धरला.

पिकअपदादा चढला.

वर अंगणात आई होती. नऊ पिल्लं झोपली होती. आई बसली नव्हती. चढणीकडे तोंड करून उभी होती.

"चिव?" टिकली म्हणाली.

आईने चोच उघडली. आवाज आला नाही. हाक मारून मारून घसा बसला होता.

मग आईने पंख उचलला. तिथे एक जागा रिकामी होती. टिकलीएवढी.

टिकली आत शिरली.

गोष्ट चढली टेकडीवर. आता तुम्ही चढा गादीवर.