नुसते बसायचे काम

आफ्रिकेत एका मोठ्या सरोवराच्या काठी एक गाव होते. त्या गावात कंपन्यांना कायद्याचा सल्ला देणारी एक छोटी पेढी होती. पेढीत माणसे दोन. एक अवुओर वकीलबाई आणि दुसरे त्यांचे भागीदार, म्हातारे ओबुरा. अवुओरबाई बोलत आणि ओबुरा बसत.

बसणे हा तिथे व्यवसाय होता. कायद्याने कंपनीला संचालक लागतात आणि मालकांना संचालक आवडत नाहीत, कारण ते प्रश्न विचारतात. म्हणून ही पेढी आपल्याकडचा एक संचालक पुरवी. ओबुरा सभेला वेळेवर जात, चहा घेत, आणि मत विचारले की आपण तटस्थ आहोत असे सांगत. असे ते गावातल्या निम्म्या कंपन्यांचे संचालक होते. त्यांच्याबद्दल कोणाची कधी तक्रार आली नाही. तक्रार करण्याइतके ते कोणाच्या लक्षातच राहत नसत.

त्यातली एक कंपनी सरोवरात प्रवासी नावा चालवी. आपियो नावाच्या विधवेने ती नवऱ्याच्या बरोबरीने उभी केली होती. गाव त्यांना ममा आपियो म्हणे. कंपनीचे संचालक तीन: ममा, त्यांचे दीर ओपोंडो आणि अर्थातच ओबुरा. ममा अध्यक्ष होत्या. मते सारखी पडली तर त्यांचा शब्द शेवटचा.

ओपोंडोंना नावा लावायचा धक्का एका हॉटेलवाल्याला विकायचा होता. धक्का गेला की नावा गेल्या आणि नावा गेल्या की ममांचे सगळेच गेले. ममा सभेत असताना असा ठराव होणे शक्य नव्हते. तेव्हा ममा एका मयतीसाठी पलीकडच्या बेटावर गेल्या आणि ओपोंडोंनी सभा बोलावली. नोटीस अवुओरबाईंनीच काढली. ती बिनचूक होती आणि ममांना वेळेत मिळालीही. फक्त सभेच्या सकाळी त्यांना आणायला बेटावर नाव गेली नाही.

सभा पेढीच्या कचेरीत होती. निदान दोन संचालक हजर हवेत, आणि तिसऱ्याची अर्धा तास वाट पाहायची, असा कंपनीचा नियम होता. ओपोंडो, ओबुरा आणि अवुओरबाई वाट पाहत बसले. खिडकीतून धक्का दिसत होता. कंपनीची धडधाकट नाव तिथे बांधलेली होती आणि नावाडी तिच्यात पाय पसरून पडला होता.

नाव का गेली नाही, असे अवुओरबाईंनी विचारले. इंजिनाची तपासणी आहे, असे ओपोंडो म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, "वहिनींना पोहता येतं, पण वेळेवर पोहोचणं कठीण दिसतंय."

कोणी हसले नाही. ओपोंडोंच्या इतरही कंपन्या होत्या आणि ते पेढीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते, त्यामुळे खरे तर हसायला हवे होते.

अर्धा तास संपला. ओपोंडोंनी ठरावाचा कागद पुढे ओढला. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे 'म्झे' म्हणतात. तेवढ्याच आदराने ते ओबुरांना म्हणाले, "म्झे, तुम्हाला काही करायचं नाही. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. नेहमीसारखे बसा."

ओबुरांनी चहाचा कप खाली ठेवला. "वकीलबाई," त्यांनी विचारले, "मी काही न बोलता बसून राहिलो, तर कायद्याने मी काय केलं असं होतं?"

सभेत ओबुरांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न. गोलमोल उत्तर देण्याचे शिक्षण अवुओरबाईंनी परदेशात जाऊन घेतले होते. ओपोंडो त्यांच्याकडे टक लावून पाहत होते.

"तुम्ही ठराव मंजूर करून दिला असं होतं," बाई सरळच म्हणाल्या. "तुम्ही नसलात तर ही सभाच नाही. मग ओपोंडोसाहेब एकटेच बोलत आहेत, एवढंच."

ओबुरा उठले. त्यांच्या आधी ओपोंडो दाराशी पोहोचले आणि पाठ टेकून उभे राहिले.

"उद्यापासून या गावात एकही कंपनी तुम्हाला बोलावणार नाही," ते हळूच म्हणाले. "म्हातारपणी कुठे जाऊन बसणार?"

ओबुरा पुन्हा खुर्चीत बसतील असे बाईंना क्षणभर वाटले. पण त्यांनी मागे न वळताच विचारले, "वकीलबाई, अडवून ठेवलेला माणूस सभेला हजर धरतात का?"

"नाही. त्याला कोंडलेला माणूस म्हणतात," बाई म्हणाल्या. "आणि मी साक्षीदार आहे."

ओपोंडो दारातून बाजूला झाले. ओबुरा बाहेर उन्हात गेले. सभा झाली नाही. ठरावासाठी ताटकळलेल्या हॉटेलवाल्याने दुसऱ्या गावचा किनारा पाहिला.

ओपोंडो आपला शब्द पाळणारे गृहस्थ होते. त्यांनी पेढी सोडली आणि इतरांनाही सोडायला लावली. उठून जाऊ शकणारा संचालक कोणाला हवा असतो? एकामागून एक कंपन्यांनी ओबुरांचे मनःपूर्वक आभार मानण्याचे ठराव केले आणि त्यांना मोकळे केले.

दुखवटा संपल्यावर ममा आपियो पेढीत आल्या. त्यांनी बाईंचे हात हातात घेतले. मग त्या ओबुरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्झे, धक्का वाचला. देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. याआधी इतकी वर्षं इतक्या सभांना तुम्ही बसलात. त्या त्या दिवशी पलीकडे कोण नावेची वाट पाहत होतं?"

ओबुरांनी ते कधी विचारलेच नव्हते.

तात्पर्य: आपल्या नुसत्या बसण्याने जिथे दुसऱ्याचे घर बुडते, तिथे गप्प बसणारा निर्दोष नसतो. उठायला उशीर झाला तरी उठावे. पण आधी जे बुडाले, त्याचा जाब चुकत नाही.