कवठेमाळच्या भिंतीतलं मुठीएवढं भोक

कवठेमाळच्या ख्रिस्ती देवळात पाय टाकला की पहिल्यांदा क्रूस दिसत नाही, पेटी-तबलाही दिसत नाही. दिसतं ते भोक. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीत, लहान पोराचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, मुठीएवढं आरपार भोक. बाकी भिंत घडीव दगडाची, चुन्यात बसवलेली, सुरीचं पातं शिरणार नाही अशी चोख. आणि ऐन मोक्याच्या जागी हे! पलीकडचा कडुलिंब दिसतो त्यातून.

पाहुणे विचारतातच, "हे बुजवत का नाही?"

देवळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या रहेलमावशी याच प्रश्नासाठी टपलेल्या असतात. पदर खोचतात, पायरीवर बसतात आणि म्हणतात, "बुजवायला आलेल्याला आमची पोरं जिवंत सोडतील व्हय? बसा. सांगते."

मावशी सांगतात ते असं.

फार पूर्वी इथलं देऊळ दगडमातीचं होतं म्हणे. वर माळवद, म्हणजे जाडजूड लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा हातभर थर. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा घोड्यावरून येत, बाप्तिस्मे करत, प्रभुभोजनाची भाकर देत आणि निघून जात. उरलेल्या रविवारी राज्य वडिलांचं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्यांना वडील म्हणतात, आणि त्या वडिलांचे वडील होते लेवीबाबा आढाव. पांढरी दाढी, हातात घुंगराची काठी, आणि आवाज असा की बैल थांबावेत.

लेवीबाबांनी आणि त्यांच्या होयबांनी एक नियम काढला होता. बारा वर्षांखालचं पोर देवळात नको. पोरं रडतात, खोकतात, खुदकन हसतात, आणि देवाला शांतता आवडते. देवाने हे लेवीबाबांच्या कानात कधी सांगितलं ते कोणी विचारलं नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोराला वाजतगाजत आत न्यायचं, डोक्यावर पाणी घालायचं, आणि पुढच्या रविवारी आईसकट बाहेर कडुलिंबाखाली हाकलायचं. दाराला आतून अडसर. वर पुन्हा हेच म्हातारे कुरकुरणार, की हल्लीच्या पोरांना देवाधर्माचं काही नाही.

शलोमी तेव्हा कवठेमाळात नवीनच सून म्हणून आलेली. शमुवेल आढावची बायको, म्हणजे लेवीबाबांच्या भावकीतलीच. तिची लेक दीना, घरात सगळ्यांची दिनी. दिनीच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी शलोमीला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "या लेकराला प्रभूच्या शिक्षणात आणि मंडळीच्या सहवासात वाढवाल का?" शलोमीने उत्तर दिलं होतं, "होय, देवाच्या साहाय्याने वाढवीन." शब्द दिला म्हणजे दिला, अशातली ती बाई. आणि पुढच्याच रविवारी दार बंद! मंडळी आत, लेकरू बाहेर. सहवास कोणाचा, कडुलिंबाचा? हा प्रश्न तिला वर्षानुवर्षं चावत राहिला.

चालायला लागल्यावर दिनीने आपला रस्ता आपणच शोधला. देवळाच्या मागच्या भिंतीत एका जागची माती पावसाने धुऊन गेली होती. दोन दगडांमध्ये बोट जाईल एवढी फट. दिनी दर रविवारी तिथे डोळा लावायची, मग कान लावायची. सहा वर्षांची होईतो सगळी भजनं तिला पाठ झाली. दहा आज्ञा पाठ, प्रभूची प्रार्थना पाठ. लेवीबाबा "हे... हे... हे दयाघना" म्हणताना कुठे अडखळतात तेही पाठ. मग ती कडुलिंबाखाली बाकीच्या पोरांना शिकवायची. पोरं डबे वाजवून भजन म्हणायची. आतल्या लोकांना ते ऐकू येई आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत.

लेवीबाबांची शेवटची प्रार्थना म्हणजे एक प्रकरणच होतं. आदामापासून सुरू व्हायची. नोहाचं तारू, मिसर देश, तांबडा समुद्र, मग गावची पिकं, मग जनावरं आणि मग गावची माणसं! कोणाशी भांडण झालं असेल तर त्याची तिथेच हजामत व्हायची. "हे प्रभू, सासूला उलट बोलणाऱ्या अमक्याच्या सुनेला क्षमा कर." प्रार्थनेत बोललेलं, त्याला उत्तर कोण देणार? सगळ्यांनी डोळे गच्च मिटलेले. मध्येच डोळा उघडला तर पुढच्या रविवारी प्रार्थनेत आपलं नाव. त्यामुळे लोक डोळे उघडत ते एकाच शब्दाला. लेवीबाबा "आमेन" म्हणत, सगळी मंडळी "आमेन" म्हणे, आणि त्याच दमात उठून, अडसर काढून, चपला शोधायला बाहेर पडे. पाय आखडलेले, पोटात कावळे. आमेननंतर क्षणभरही कोणी टिकत नसे.

त्या वर्षी कापणीच्या सणाच्या आधी पावसाची झड लागली होती. आठवडाभर सूर्य नाही. माळवदाची माती पाणी पिऊन पिऊन फुगली. सणाच्या रविवारी उघाड पडली म्हणून सगळं गाव देवळात लोटलं. बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, सगळं व्यासपीठापुढे रचलेलं. दारात लेवीबाबांनी शलोमीला अडवलं.

"सूनबाई, मागच्या रविवारी तुझ्या पोरीने डबा बडवला."

"भजन म्हणत होती, बाबा."

"डबा बडवला. आज बाहेरून एक आवाज आला ना, तर मंडळीतून नाव कमी करीन. तुझंही आणि शमुवेलचंही. कळलं?"

शमुवेलने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घालून आत गेला. भला माणूस, पण मंडळीच्या वडिलांपुढे त्याच्या तोंडाला कायम कुलूप. नाव कमी होणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. प्रभुभोजन बंद, लग्नाला पाळक नाही, मेल्यावर दफनभूमीत जागा नाही. आणि दिनीला मंडळीत वाढवीन हा दिलेला शब्द? तो तर तिथेच मातीत गेला.

दार बंद झालं. अडसर पडला. शलोमी लेकराबाळांना घेऊन कडुलिंबाखाली बसली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आज कोणी हूं की चूं करायचं नाही. दिने, ऐकलंस का?"

दिनी ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे पळायची. तशीच पळाली. आत शेवटची प्रार्थना सुरू झालेली, आदाम नुकताच फळ खात होता. दिनीने फटीला डोळा लावला आणि एकदम मागे झाली.

"आये! आये, बघ की!"

शलोमी धावली आणि तिने पहिलं काय केलं? पोरीच्या तोंडावर हात दाबला. सांगतात की पुढे आयुष्यभर तिला तो स्वतःचा हात डाचत राहिला. भीती अशीच असते, ती आईच्या हातातूनसुद्धा म्हाताऱ्यांचंच काम करते.

दिनीने हाताला चावा घेतला. "अगं भोक बघ! काल बोट जायचं. आज मूठ जातीय!"

शलोमीने एका हाताने पोरीचं तोंड पुन्हा दाबलं आणि दुसऱ्या हाताची मूठ भोकात घातली. गेली. तिच्या मनगटावर ओल्या मातीची धार लागली. तिने वर पाहिलं. भिंतीला पोट आलं होतं, आणि त्यावर टेकलेल्या मोठ्या तुळईचं टोक जागचं सरकून नुसतं कडेवर राहिलं होतं. तुळई कुरकुरली. आत सगळं गाव डोळे मिटून बसलेलं. शमुवेल आत. दाराला अडसर.

क्षणभर तिला तो दारातला आवाज आठवला, नाव कमी करीन. मग तिने दिनीच्या तोंडावरचा हात काढला.

"ओरड," ती म्हणाली. "ओरड माझी बाय, जीव खाऊन ओरड!"

आणि दोघी ओरडल्या! "पळा! भिंत चाललीय! अहो, बाहेर या!" बाकीच्या आया दाराकडे धावल्या, दार धडाधडा वाजवू लागल्या. पोरांनी डबे बडवले. आत काय झालं? लेवीबाबांनी आवाज चढवला. "हे प्रभू, बाहेर सैतान लेकरांच्या तोंडून बोलतो आहे. तुझ्या भक्तांचे कान बंद कर!" आणि भक्तांनी कान बंद केले की! बायको नावाने हाका मारतेय, लेकरं किंचाळतायत, आणि मोठी शहाणीसुरती माणसं डोळे अजून घट्ट मिटून बसली. कारण प्रार्थना चालू आहे. कारण बाबांनी डोळा उघडलेला बघितला तर?

शलोमी रडकुंडीला आली. "आता काय करू गं देवा!"

पण दिनी त्या फटीतून इतके रविवार बघत आली होती. हे लोक कशाला उठतात ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिने भोकाला तोंड लावलं. लेवीबाबा बरोबर पलीकडे उभे होते, "हे... हे... हे" वर अडखळलेले. त्या अडखळण्याच्या पोकळीत तिने सगळा श्वास ओतला.

"आ-मे-न!"

"आमेन!" झाडाखालची सगळी पोरं गरजली.

"आमेन!" आतून सगळी मंडळी म्हणाली. सवयच ती! डोळे उघडले, गुडघे कडकडले, अडसर निघाला, दार सताड उघडलं आणि लोंढा चपलांकडे सुटला. दारातल्या बायकांनी हाताला धरधरून माणसं ओढली. शलोमी दिनीला काखेत मारून पुढच्या अंगाला पळाली आणि शमुवेलला पाहिलं तेव्हा तिचे पाय थांबले.

आत एकटे लेवीबाबा. लालबुंद. "थांबा! माझी प्रार्थना संपलेली नाही! कोण म्हणालं आमेन?" कोणी थांबलं नाही. तेव्हा ते काठी उगारून, घुंगरू खणखणवत तरातरा बाहेर आले. देवाने त्यांना वाचवलं ते त्यांच्या रागाच्या शेपटीला धरून, असं मावशी म्हणतात.

"कोण म्हणालं?"

दिनी पुढे झाली. "मी म्हणाले, बाबा."

काठी वर गेली. आणि मागे धडाड! मागची भिंत आत कलंडली, तुळई सुटली, अख्खं माळवद खाली बसलं. धुळीचा लोट दारातून बाहेर आला आणि लेवीबाबांची दाढी, काठी, धोतर, सगळं मातीच्या रंगाचं झालं. कोंबड्या तेवढ्या कुठून तरी फडफडत बाहेर आल्या. माणूस एकही गेला नाही.

लेवीबाबांच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. वडील मंडळी सांगतात, त्यांनी दिनीची क्षमा मागितली. बायका सांगतात, मागितलीबिगितली नाही, डोळ्यांत माती गेली होती. बायकांचं खरं धरावं, कारण दुसऱ्याच दिवशी वडिलांची बैठक बसली आणि ठरलं काय, तर पोरीने भोक पाडलं म्हणून देऊळ पडलं!

शलोमी त्या बैठकीत न बोलावता गेली. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "भोकामुळं देऊळ पडलं नाही. भोकामुळं तुम्ही आज इथं बसलाय." मग तिने सांगितलं, की नवं देऊळ बांधायला बायका दगड वाहतील, पोरं पाणी आणतील, पण दोन गोष्टी कबूल करा. भोक ठेवायचं. आणि आमेन पोरांचं. कबूल नसेल तर बांधा तुमच्या हाताने. वडिलांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं म्हणे. त्या हातांनी कित्येक वर्षांत काठीपेक्षा जड काही उचललं नव्हतं.

तेव्हा बायकोमागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या शमुवेलच्या तोंडाचं कुलूप पहिल्यांदा निघालं. "कबूल," तो म्हणाला. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. लेवीबाबा सगळ्यांत शेवटी, खोकत.

आजही कवठेमाळला बाप्तिस्मा असला की बाळाला आधी त्या भोकापाशी नेतात आणि त्याची मूठ आत घालतात. पलीकडून कडुलिंबाखालची पोरं ती मूठ धरून हलवतात. मग आईबाप शब्द देतात, आणि मंडळीही उभी राहून शब्द देते. दाराला अडसर नाही, तो अडकवायचे कोयंडेच काढून टाकलेत. पोरं आत येतात, बाहेर जातात, रडतात, कोणाच्याही मांडीवर झोपतात.

आणि आजही इथे आमेन मोठ्या माणसाने म्हणायचं नाही. परवाच्या कापणीच्या सणाला शहरातून कोणी मोठे रेव्हरंड आले होते. सुंदर प्रार्थना सुरू केली त्यांनी, आदामापासून. नोहाच्या तारवात जनावरं चढेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग भोकातून एक बोबडा, जोरदार आवाज आला. सगळं देऊळ त्याच्यामागे गरजलं आणि हसत हसत उठून जेवायला गेलं.

रेव्हरंड डोळे मिटून तसेच उभे होते. रहेलमावशींनी त्यांच्या कोपराला धरलं आणि म्हणाल्या, "चला साहेब. झाली तुमची प्रार्थना."