समुद्राकडे पडणारी सावली

ल्योंहून परतताना सुरंगी चितारीला वाटलं होतं, वेळसर बंदराच्या बाजारात पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या पाट्या दिसतील आणि आपल्याला रडू फुटेल. फ्रान्समधल्या पाट्यांच्या अक्षरांचा इतिहास ती शिकून आली होती. छापखान्यातली जाड अक्षरं तिथल्या रंगाऱ्यांनी दुकानांच्या कपाळी कशी नेली, त्यांना सावली देऊन उठाव कसा आणला, काचेवर उलटं लिहून सोन्याचा वर्ख कसा चढवला, सगळं तिला पाठ होतं. हे गावात पुन्हा उभं करायचं, असं ती तिथल्या वर्गात आवेशाने सांगून आली होती.

प्रत्यक्षात बाजारभर फ्लेक्स फडफडत होते. रंगवलेली पाटी एकच उरली होती, उत्तरेच्या रांगेतल्या मोरजकर घड्याळवाल्यांची. तीही अर्धवट. अक्षरं होती, सावली नव्हती. सावली टाकायच्या आधीच तिचे बाबा गेले. बाराव्यालाही तिला पोचता आलं नव्हतं. पाटीखाली ती नुसती उभी राहिली. डोळे कोरडे, हात जड. काहीच वाटेना.

"उद्या फ्लेक्सवाला येतोय गो," मोरजकर म्हणाले. "पाच महिने काढले. गिऱ्हाइकं विचारतात, तुमची अक्षरं उपाशी का दिसतात?"

तेवढ्यात मधूतात्या लाँचमधून उतरलेल्या चार पाहुण्यांना घेऊन आले. तात्या बाबांचे जुने दोस्त. पाटीकडे काठी करून त्यांनी सुरुवात केली.

फार वर्षांपूर्वी एका गलबताने तापाने फणफणलेला एक फ्रेंच माणूस या धक्क्यावर उतरवला, असे सांगतात. त्याच्या देशी तो दुकानांच्या पाट्या रंगवी. लोक त्याला मुसू म्हणत. होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावं घालणाऱ्या सदू चितारीने त्याला घरी नेलं, पेज पाजून जगवलं. बरा झाल्यावर मुसूने बाजारातल्या चपट्या अक्षरांना सावली दिली, तेव्हा ती फळीवरून सुटून पुढे आलीत की काय, हे बायका बोट लावून बघत, म्हणे. मुसूने सदूला एकच गोष्ट शिकवली: आधी उजेड कुठून येतो ते ठरव, मग त्याच्याशी बेइमानी करू नकोस. मुसूच्या हातची सावली नेहमी उजवीकडे पडे.

तीन वर्षांनी त्याच्या देशाचं जहाज आलं. "पुढच्या पावसाळ्याआधी येतो," असं कुंचल्यावर हात ठेवून सांगून तो गेला. आला नाही. त्याच्या जहाजाची एक फळी तेवढी पुळणीवर लागली. सदू रडला नाही. जेवला नाही, बोलला नाही. मग वादळाने बाजार तीन दिवस बंद राहिला. चौथ्या दिवशी दुकानं उघडली, तर उत्तरेच्या रांगेतल्या सोळाही पाट्यांच्या सावल्या फिरून डावीकडे, समुद्राकडे पडलेल्या. समोरच्या दक्षिणेच्या रांगेतल्या उजवीकडे पडत, म्हणून आधीच तिकडे होत्या.

"सदूनेच रंगवल्या असतील," एक पाहुणी म्हणाली.

"पावसात तेलरंग वाळतो का, बाई?" तात्या म्हणाले. "तेव्हापासून चितारी घराण्याचा नेम झाला. या बाजारातली प्रत्येक सावली समुद्राकडे. मुसू परत येईल तेव्हा त्याला वाट दिसावी म्हणून."

"मग या पाटीला सावली का नाही?"

"टाकणारा गेला. ही त्याची मुलगी. सुरंगी बाय, कुठे टाकशील सावली?"

"उजेड वरून, डावीकडून धरायचा," ती पाठ म्हटल्यासारखं म्हणाली. "सावली उजवीकडे. तिथे असंच करतात."

"म्हणजे मुसूकडे पाठ करून बसवशील म्हण की अक्षरांना."

पाहुणे हसले. तिला हसूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोरजकरांकडे शिडी मागितली. "फ्लेक्सवाल्याला परत पाठवा, काका," म्हणाली. बाबांचा कुंचला टर्पेंटाइनमध्ये सोडवला आणि शिकलेलं सगळं बाजूला ठेवून पहिल्या 'मो'ची सावली डावीकडे ओढली. डोळे कोरडेच होते. हात मात्र आता जड नव्हता.

आजही वेळसरच्या धक्क्यावर उतरून बाजाराकडे चालू लागलं, की फ्लेक्सांच्या गर्दीत ती एक पाटी दिसते. तिच्यावरची अक्षरं दुकानाच्या कपाळी आहेत, आणि त्यांच्या सावल्या येणाऱ्याला सामोऱ्या निघालेल्या.